मोहाला न सांगता

मी बॉटनीचा माणूस. झपाटणं, उतारे, अंगात येणं असलं कोणी सुरू केलं की मी कप उचलतो आणि गच्चीत जाऊन चहा पितो. बायको म्हणते, हा हट्टीपणा आहे. असेल. पण एकोणऐंशीच्या चैतातली तीन शून्यं आजही माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहितोय.

जागा नीट सांगतो. पवनी तालुक्यातल्या अड्याळहून चार-पाच किलोमीटर आत, जंगलाला लागून एक गाव. एम.फिल.साठी मी मोहाच्या पाच झाडांवर काम करत होतो... रोज पहाटे किती फुलं गळतात, एवढंच. राहायला गावातल्या भागामाय नावाच्या बाईची ओसरी होती. पाचवं झाड तिचं, म्हणजे त्याची फुलं वेचण्याचा हक्क तिच्या सासूपासून चालत आलेला. ओळखायला म्हणून खोडावर मी लाल रंगानं आकडा घातला तर रागावली.

"नंबर कायले बाबू? मी काय वयखत नाई त्याले?"

तरी रोज पहाटे सोबत यायची. ती वेचायची, मी तोलायचो. भाकरीही मला आधी वाढायची. फार जीव लावला तिनं.

आठच दिवस झाले असतील... लाखांदूरला दिलेल्या लेकीचं बाळंतपण अचानक आलं. निरोप मिळाला तशी भागामाय संध्याकाळच्या एसटीनं गेली. पहाटे टोपली घेऊन मी एकटाच निघालो.

चार झाडांखाली नेहमीसारखा सडा. पाच नंबरखाली एक फूल नाही! कोणी आधी वेचून नेलं म्हणावं, तर वर घोस जसेच्या तसे भरलेले होते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वहीत तीन शून्यं लिहिली.

चौथ्या दिवशी दुपारी भागामाय आली. तिला सांगितलं तर घरातही न जाता थेट झाडाकडे गेली, खोडावर हात ठेवला. "पोरीचं नडलं होतं रे. सांगाले वेळच नाई भेटला." मग मला म्हणाली, "सांगूनच नाई गेली न मी. रुसला तो."

मी मनातल्या मनात हसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे दीड टोपली फुलं पडली होती.

मध्ये एकदा नागपूरला गेलो, तर माझे गाईड सर वही पाहून भडकले. "तिथे सरासरी भर, नाहीतर पुन्हा असं घडलेलं दाखव. नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी कुठला? माझी स्कॉलरशिप जूनमध्येच संपत होती.

मी गावात परतलो तेव्हा भागामाय नातवाच्या बारशाला जाणार होती. मी म्हटलं, "माय, या खेपेलाही झाडाला सांगू नकोस."

"काहून?"

"मला पाहायचंय."

"ज्याच्या जिवावर चूल पेटते, त्याले असं पायतेत का बाबू?"

"माझं वर्ष जाईल, माय."

"बरं, नाई सांगत," ती म्हणाली. जाताना झाडाच्या समोरून जायला नको म्हणून लांबच्या वाटेनं एसटीकडे गेली. मला वाईट वाटलं, तरी मी तिला थांबवलं नाही.

...आणि फुलं पडली! तिन्ही दिवस, टोपली भरून.

ती परतल्यावर मी जवळजवळ भांडलोच. "सांगून गेली होतीस ना?"

"नाई. तुले शब्द देल्ला होता."

"मग पडली कशी?"

"तू होता न तिथं. पयल्या खेपेले तू नवा होता. आता वयखते तो तुले." एवढं बोलून ती फुलं वाळत घालायला गेली.

सरासरी मी भरली नाही. प्रबंधात तीन शून्यं तशीच ठेवली, शेऱ्यात लिहिलं... कारण अज्ञात. तोंडी परीक्षेत खूप बोलणी खाल्ली, पण कसाबसा पास झालो. पुढे दव, कीड, वारा, माझा तराजू, सगळं तपासून झालं. शेजारच्या चार झाडांची फुलं गळत असताना एकच का थांबलं, हे आजही मला माहीत नाही.

निघायच्या दिवशी एसटी दुपारची होती. सामान ओसरीत ठेवून मी पाच नंबरकडे गेलो. आजूबाजूला कोणी नाही, हे दोनदा पाहून घेतलं.

परत आलो तर भागामाय माझ्यासाठी दशमी बांधत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सांगतलं त्याले?"

"हो माय," मी म्हटलं.