कुसुमबाईंच्या आठ खुंट्या

फोन आला तेव्हा मी त्यांचीच गोष्ट सांगत होतो. ऊर्जानगरला कंपनीच्या बसेस थांबतात तिथे चहाची एक टपरी आहे. निवृत्त होऊन मुलाच्या क्वार्टरात राहायला आल्यापासून तिथला सकाळचा बाक माझा, आणि पहिल्या पाळीची माणसं बस येईपर्यंत माझ्याकडून एक तरी गोष्ट काढून घेतातच. "सर, ते झाडावरच्या मार्कांची होऊन जाऊ द्या," असं कोणीतरी म्हणालं आणि मी रंगात आलो. पोरगी तलावात बुडी मारते इथवर पोचलो होतो, तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. "सर, मी यमुना. तलावाच्या शाळेतली. कुसुमबाई गेल्या... काल. तुम्हाले सांगावं म्हटलं." मी "बरं" म्हटलं, मोबाइल खिशात टाकला आणि गोष्ट पुरी केली. माणसं हसली, बस आली, बाकावर मी एकटा उरलो. त्याला आता दोन महिने होतील.

आमची शाळा गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला, एका तलावाकाठी. तलाव केवढा, तर या काठावरून मारलेली हाक पलीकडे दुसऱ्या दिवशी पोचते, असं मी जन्मभर सांगत आलो. खरं म्हणजे रमतगमत गेलं तरी अर्ध्या तासात वळसा होतो. शिक्षक दोन. मी मुख्याध्यापक, म्हणजे दोघांतला जुना. कुसुमबाई नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे आल्या. धान पिकवणाऱ्या घरातली मुलगी, अंगाने बारीक, सायकलवर यायची. मी जे चार तासांत सांगायचो ते त्यांचं चार शब्दांत भागायचं. एकदा दहा दिवसांच्या प्रशिक्षणाहून परतल्या त्या सुतळीने बांधलेला झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन. माणसाला बुद्धी एक नसते, अनेक प्रकारच्या असतात, असं कोण्या परदेशी विद्वानाचं म्हणणं त्यात होतं. मी दोन पानं चाळून म्हटलं, "बाई, आपल्या पोरांत एक सापडता सापडत नाही, तुम्ही आठ कुठून काढणार?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, हुशार कोन हाय ते नका इचारू. कशात हुशार हाय ते इचारा."

आठवडाभरात वर्गाच्या मागच्या भिंतीत बांबूच्या आठ खुंट्या ठोकल्या गेल्या. शब्द, आकडे, चित्र, हातपाय, गाणं, निसर्ग, दुसऱ्याची समज, स्वतःची समज. प्रत्येक मुलाच्या नावाची एक चकती, तीही बांबूची, अक्षरं तापल्या खिळ्याने डागलेली. पोर ज्यात खुललेलं दिसेल त्या खुंटीवर त्याची चकती जायची आणि चकतीच्या मागे एक ठिपका उमटायचा, म्हणजे ही बुद्धी बाईंनी पाहिली. जी दिसली नाही तिची नोंद कुठेच नसायची. मी विचारलं, तर म्हणाल्या, "दिसली नाई म्हंजे नाईच, असं थोडीच हाय? मी पाह्यली नाई अजून, येवढंच." त्यांनी माझीही चकती केली होती. पहिल्याच दिवशी ती शब्दांच्या खुंटीवर लटकली. येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरधरून मी ती दाखवायचो.

यमुना तेव्हा चौथीत होती. तलावात मासे धरणाऱ्या घरातली. तीन वर्षं मी तिला शिकवलं होतं आणि तिच्यापेक्षा वर्गाची भिंत लवकर वाचायला लागेल, असं तिच्यासमोरच म्हणालो होतो. पोरं खिदळायची. बाईंनी तिला एकदा बापाजवळ बसून जाळं विणताना पाहिलं. मग दुपारच्या सुट्टीनंतर त्या वर्ग तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेऊ लागल्या, मोहाच्या सावलीत, पाण्यापासून चांगली वीस पावलं दूर. जाळ्याच्या एका ओळीत बारा घरं, तर सात ओळींत किती? बाकीची पोरं पाटीवर खरडत असत तोवर यमुनाचं उत्तर आलेलं असे. बोलताना बोटं हलायची, जशी काही गाठच मारते आहे. "बुडबुडा पाह्यला का मले मासा समजते बाई," ती म्हणाली, तेव्हा बाईंनी त्या माशांची नावं तिच्याकडूनच वदवून पाटीवर लिहून दिली. मरळ, रोहू, कटला, झिंगे... तिच्या ओळखीच्या शब्दांवरून अनोळखी शब्दांकडे. चार महिन्यांत पोरगी धडा वाचू लागली. इथे मी काही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती, आणि माझं दुखणं तेच होतं. माझी तीन वर्षं आणि त्यांचे चार महिने, असा हिशेब गावातल्या कोणीही केला नव्हता. तो मीच करत बसलो होतो.

केंद्राच्या मासिक सभेत जेवणं झाली, सगळे गुरुजी सुस्तावले होते. कोणीतरी विचारलं, तुमच्या शाळेत ते खुंट्यांचं काय चाललंय म्हणे? मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "आमच्याकडे आता मार्क झाडावर असतात. खालच्या फांदीला पस्तीस, शेंड्यावर शंभर. एका पोरीनं तर तलावात बुडी मारली, ती वर आली तेव्हा सातवी पास होती." लोक पोट धरून हसले. बाई कोपऱ्यात डबा आवरत होत्या. त्यांच्या कानावर किती गेलं हे मी पाहिलं नाही. गोष्ट मग एसटीतून, मोटारसायकलींवरून तालुकाभर फिरली. आमच्याकडे परतली तोवर तिच्यातलं झाड गळून गेलं होतं आणि पोरगी तेवढी उरली होती. शाळेच्या वेळात बाईंनी म्हणे मुलांना पाण्यात उतरवलं, एक बुडता बुडता वाचली.

चौकशीला साहेब येणार असं कळलं. आदल्या दिवशी मी खुंट्या उपटल्या आणि भोकं चुन्याने बुजवली. बाई खाली पडलेल्या चकत्या एकेक उचलून कापडी पिशवीत भरत होत्या. दुसऱ्या दिवशी यमुनाचा बाप साहेबांपुढे हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरगी पाण्यात गेलीच नाई." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मुख्याध्यापक, तुम्हाला काय माहीत आहे ते लिहून द्या." ही गोष्ट मी रचली, एवढं लिहिलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मग पुढचा प्रश्न मला विचारला गेला असता. आयुष्यात कधी एका वाक्यात न थांबलेल्या माणसाने त्या कागदावर एकच वाक्य लिहिलं. 'याबाबत मला काही माहिती नाही.' खाली सही. बाई समोरच उभ्या होत्या. मी काय लिहिलं हे त्यांना वाचायची गरज पडली नाही, पेन किती लवकर थांबलं ते त्यांनी पाहिलं.

त्यांची बदली जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंच्याकडे झाली. फाट्यावर बसपर्यंत त्यांची ट्रंक मी पोचवली, तेवढी लाज शिल्लक होती. बस दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, "गोष्ट चांगली होती सर. मले पह्यले सांगतली असती तं मीबी हासली असती." मी ट्रंक टपावर चढवून दिली. त्या चढल्या. पुढच्या आठवड्यापासून यमुना शाळेत येईना. मी घरी गेलो तर बाप जाळं दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, "काऊन येईन ते? पोट्टे तिले बुडालेली म्हनून राह्यले." मी आलो तसा परतलो. बाईंना या इतक्या वर्षांत एक पत्र लिहिलं नाही. गोष्ट मात्र सांगत राहिलो, दरवर्षी झाडाला एक फांदी जोडत.

फोननंतर तीन आठवड्यांनी तलावावर गेलो. तेरवी होऊन गेली होती. यमुना पाळीवर भेटली, पदर खोचलेला, पुढ्यात माशांची टोपली, आजूबाजूला चार बाया. मला ओळखून तिने बसायला पोतं टाकलं. "बाईच्या भावानं पिशवी देल्ली मले," ती म्हणाली. "बाई पत्र लिवत. मीबी लिवत होती. शाळा सुटली, पन लिवनं नाई सुटलं." तिने आपली चकती दाखवली. मागे सहा ठिपके. शेवटचे दोन बाईंनी पत्रं वाचून डागले होते. मग पिशवीत हात घालून एक चकती माझ्या हातावर ठेवली. पुढे 'मोठे सर'. मागे एक ठिपका, शब्दांचा. बाकी लाकूड कोरं.

"माह्याबद्दल काही बोलल्या होत्या का?" मी विचारलं. माझी भाषाही त्या घटकेला तिथलीच झाली.

यमुनाने टोपलीवर ओलं फडकं सारखं केलं. "मी एकडाव इचारलं होतं, की सरची कायले ठेवून राह्यल्या? तं म्हने, पाह्यलं नाई अजून."

परवा टपरीवर पुन्हा झाडाची फर्माइश झाली. मी सांगितलं की झाड नव्हतं, पाण्यात कोणी उतरलं नव्हतं, आणि हे सगळं मी रचलं होतं. "मंग?" एकाने विचारलं. त्या "मंग"चं उत्तर द्यायला मला बस येईपर्यंतचा सगळा वेळ लागला. कोणी हसलं नाही. चकती क्वार्टराच्या दाराशी, चपलांच्या वर, खिळ्याला अडकवली आहे. बाहेर पडताना रोज ती उलटी करून पाहतो. ठिपका एकच आहे. दुसरा डागू शकली असती ती बाई आता नाही.