सहाणेवर उगाळलेली कॅप्सूल

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी घोडेगावजवळच्या एका खेड्यात डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. जिभेचा फटकळ, आणि स्वतःला अर्धा डॉक्टर समजणारा.

पोटात कळा येणाऱ्या एका म्हाताऱ्यासाठी डॉक्टरांनी नव्या तऱ्हेच्या कॅप्सूल दिल्या. आत मोहरीएवढे रंगीत दाणे, प्रत्येकावर कमी-जास्त जाडीचं वेष्टन. पोटात ते एकामागून एक विरघळणार आणि औषध दिवसभर थोडं थोडं सुटणार. "अख्खी गिळायला सांग," एवढं बजावून डॉक्टर व्हिजिटला गेले. औषध न्यायला म्हाताऱ्याची सून आली.

"मामांना गिळवत न्हाई, भाऊ," ती म्हणाली. आमच्याकडे मात्रा काय नि गोळी काय, सगळं सहाणेवर मधात उगाळून चाटवायची रीत. मी मान वर न करताच म्हणालो, "मग उगाळून द्या की, बाई. एवढं काय विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याला दोरखंडानं बांधून बैलगाडीतून आणलं. कळा थांबवणारं ते औषध धोतऱ्याच्या जातीचं, आणि दिवसभराचं एकदम अंगात भिनलं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या फाकलेल्या, अंग तापलेलं, जवळ येईल त्याला लाथा. घरी त्यानं बत्ता उचलून मुलाचं कपाळ फोडलं होतं. डॉक्टर त्याला आत घेऊन गेले, आणि रक्तानं माखलेल्या मुलानं दवाखान्याच्या ओट्यावरच बायकोचे केस धरले.

"काय घातलंस माझ्या बापाला? बोल!"

"या भाऊंनीच सांगितलं हुतं उगाळायला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाडीवानाच्या हातात चाबूक होता. माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, "मी असं काही सांगितलं नाही."

मग खोटारडी म्हणून त्यानं तिला जे तुडवलं, ते मी उभं राहून पाहिलं. एका लाथेसरशी ती पायऱ्यांवरून खाली गेली आणि तिचा हात मनगटाशी मोडला. चौघांनी धरलं तेव्हा कुठे तो थांबला. मला अजूनही स्वतःची चीड येते.

संध्याकाळी म्हातारा शुद्धीवर आला, पाणी मागू लागला. डॉक्टरांनी सुनेचं हाड बसवलं. तिचा हात मी धरला होता. डॉक्टर उठून आत गेल्यावर ती सुजलेल्या ओठांनी म्हणाली, "भाऊ, घरी अजून कॅप्सूल हायेत. आता तरी खरं सांगा. उगाळायची का गिळायची?"

"गिळायची," मी म्हणालो. तेही हळूच, बाहेर बसलेल्या तिच्या नवऱ्याला ऐकू जाणार नाही असं.