कोबा पायाला बांधला त्याची गोष्ट

तलासरीजवळच्या वेवजी गावातल्या आमच्या घरात भूकंपाचे धक्के अंगवळणी पडले होते. भांडी खणखणली की अंगणात यायचं, थोडं थांबायचं, परत आत जायचं. एका दुपारी मात्र आई आत गेली ती भिंतीकडेला बसूनच राहिली. भिंत आणि खालचा सिमेंटचा कोबा यांच्यामध्ये बोटभर फट पडली होती. तिने त्यात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी गडप.

"जातं कुठे गं हे?" तिने मला विचारलं.

घाबरली नव्हती ती. बांधावर खेकड्याचं बीळ दिसलं की तिला राहवत नाही, तसंच झालं होतं. तिने मुसळाने कोबा ठोकून पाहिला. मधे भरीव आवाज, कडेला पोकळ. पहारीने एक कोपरा फोडल्यावर कळलं, खालची भरावाची माती बसली होती आणि कोबा कडेला अधांतरी होता. पायावरच्या बीममधून एकही सळी त्यात आलेली नव्हती.

मी तलासरीहून मिस्त्रीला बोलावलं.

"सोपं आहे मावशी," तो म्हणाला. "जुना कोबा काढू. बीमला भोकं पाडून सळ्या पक्क्या बसवू आणि त्यांची टोकं नव्या कोब्यात घेऊ. दोन्ही एकजीव."

"आणि माती परत बसली तर? हा पायालाच ओढेल."

मिस्त्री हसला. "पायाला नाही ओढणार. पण स्वतः मधे चिरेल. म्हणून माती ठोकून घ्यायची, वर सळ्यांची जाळी टाकायची."

"मग आधी मातीचं बोल."

काम लांबलं. थोडा मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, परत थोडा मुरूम. प्रत्येक थरावर आई टाच रोवून बघायची. शेवटी मिस्त्री वैतागला, "तुम्हीच ठोका मग!" तिने खरंच धुमस उचलला आणि अर्धी खोली ठोकली.

सळ्या बसल्या, काटकोनात वाकवलेल्या. मी एक ओढून पाहिली, हलेना.

"आपल्या जुन्या कुडाच्या घरात असलं काही नव्हतं," मी म्हटलं.

"तिथली जमीन फुटली की शेणाने सारवायची," आई म्हणाली. "हिला कसं सारवणार?"

नवा कोबा चांगला वाळल्यावर एकदा मोठा धक्का आला. आम्ही दोघी बाहेर धावलो.

"कळलं तुला?" तिचे डोळे चमकत होते. "आधी भिंत वेगळी हलायची, जमीन वेगळी. आज सगळं एकदम हललं."

मला काहीच कळलं नव्हतं. मी नुसती धावले होते. आत जाऊन पाहिलं तर भिंतीकडेला फट नव्हती. चुलीजवळ मात्र केसाएवढी एक चीर दिसली. माझं तोंड उतरलं. आईने कोळसा घेतला आणि चिरेच्या दोन्ही टोकांना रेघा मारल्या.

"बघू, वाढते का."

अजून तरी वाढलेली नाही. ती रोज बघते.