साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा

आमचं लग्न ठरलं त्या दिवशी जयसिंगपूरला तिच्या घरी पंधरा-वीस माणसं जमली होती. सुपारी फुटली, पेढे वाटून झाले, साखरपुड्याची तारीखही जवळपास पक्की झाली. आम्ही निघायला उठलो एवढ्यात तिचे मामा मोठ्यानं म्हणाले, "पावणं, बाकी काय असंल ते तुमच्या मनासारखं करा. अंगठी तेवढी हिऱ्याची पायजे. थोरलीलाबी हिऱ्याचीच आलती."

सगळे हसले. माझी आईही हसली आणि म्हणाली, "घालू की. त्यात काय एवढं." तिचे वडील मात्र हसले नाहीत. ते सतरंजीकडं बघत राहिले. मेहुण्याचं असं चारचौघांत मागणं त्यांना आवडलं नसावं, एवढाच अर्थ मी तेव्हा लावला.

परतीच्या वाटेवर हातकणंगले मागं पडलं. तेव्हा आई म्हणाली, "हिऱ्याची केवढ्याला येते रे?"

मला माहीत नव्हतं. मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. आई प्राथमिक शाळेतनं निवृत्त झालेली, वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आमचं बरं चाललं होतं, पण हिरा हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नव्हता.

एक दिवस सुट्टी काढून मी आईला घेऊन कोल्हापूरच्या गुजरीत, सराफबाजारात गेलो. पहिल्या दुकानात आम्ही आमचा आकडा सांगितला. तिथल्या माणसानं मखमलीवर एक अंगठी ठेवली. आईनं चष्मा लावला, अंगठी उजेडाकडं धरली आणि विचारलं, "यात हिरा कुठाय?" तो माणूस हसला नाही. त्यानं टाचणीच्या टोकानं हिरा दाखवला. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दुकानातही तेच झालं.

शेवटी आई तिच्या नेहमीच्या सराफांकडं घेऊन गेली. तिचं मंगळसूत्र त्यांच्या वडिलांनी केलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आतून एक छोटी डबी आणली. आतला खडा तुरीच्या डाळीएवढा होता आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखालीही लखलखत होता.

"ह्यो लॅबमधला हिरा," ते म्हणाले. "मशीनमधी वाढवलेला."

"म्हणजे खोटा?" आईनं विचारलं.

"खोटा न्हाय, वहिनी. हिराच हाय. जमिनीत व्हायचं ते मशीनमधी झालंय, एवढाच फरक. कडकपणा त्योच, चमक तीच. पण एक आधीच सांगतो. उद्या इकायला आणलासा तर ह्याचं फारसं काय येणार न्हाय. भाव पडत चाललेत."

त्यांनी आणखी दोन खडे दाखवले. एक पांढरा पुष्कराज, थोडा मंद. दुसरा मोइसनाइट, तो हिऱ्याहूनही जास्त चमकत होता. "ह्यो हिरा न्हवं," ते म्हणाले, "पर लांबनं कुणाला कळायचं न्हाय."

बाहेर आल्यावर आई रस्त्यातच थांबली. "लोकांना काय सांगायचं?"

"लॅबमधला हिरा आहे म्हणून सांगायचं."

"आणि ते काय म्हणतील?"

 पण तो लॅबमधला खडा मला आवडला होता. पुढचे काही दिवस मी डबा खाताना फोनवर तेच वाचत बसायचो. खाणीतले हिरे कुठं कुठं निघतात, कोण खड्ड्यात उतरून माती चाळतं, त्यावरून कुठल्या देशांत माणसं मारली गेली. मशीनला वीज किती लागते तेही वाचलं. जितकं वाचावं तितकं एक पक्कं होत गेलं, की घ्यायचा तर तोच. आणि तितकीच भीतीही वाढत गेली, कारण मामांचं ते वाक्य डोक्यातनं जात नव्हतं.

मी तिला फोन केला. ती कोल्हापुरातच एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा रोज जयसिंगपूरहून रेल्वेनं ये-जा करायची. आमचं अजून अहो-जाहो चाललेलं. मी म्हटलं, "अंगठी बघितली. हिऱ्याची आहे, पण लॅबमध्ये तयार केलेला हिरा."

 मला वाटलं फोन कट झाला.

"ऐकताय ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "उद्या स्टेशनवर भेटता का? गाडी सुटायच्या आधी."

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. ती नाही म्हणणार, अशी माझी खात्रीच झाली होती. नकार तरी समोर बसून द्यावा म्हणून बोलावलंय, इथपर्यंत माझी मजल गेली.

स्टेशनवर ती बाकावर बसली होती. गाडी लागलेली होती, पण ती चढली नव्हती. मी शेजारी बसल्यावर ती म्हणाली, "ताईचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

तिची थोरली बहीण मी सुपारीच्या दिवशी पाहिली होती. लहान मुलीला कडेवर घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माहेरपणाला आली असेल, असं मी धरून चाललो होतो.

ताईंना कागलच्या सासरकडनं साखरपुड्यात हिऱ्याची अंगठी आली होती. सगळ्या पैपाहुण्यांत तिचं कौतुक झालं. लग्नानंतर काही वर्षांनी खडा धरून ठेवणारी एक कडी सैल झाली म्हणून ताईंनी ती सराफाकडं नेली, तर त्यानं सांगितलं की हा हिरा नाही, अमेरिकन डायमंड आहे. ताईंनी घरी येऊन सरळ विचारलं. सासरच्यांनी उलट त्यांच्यावरच आळ घेतला. म्हणाले, आम्ही दिला तो खराच होता, तू माहेरी जाऊन बदलून आणलास, तुझ्या बापानं विकला.

"बाबांनी ती अंगठी कधी हातातसुद्धा घेतली नव्हती," ती म्हणाली. "तेव्हापासनं ताई आमच्याकडंच आहे. बाहेर कुणाला खरं कारण सांगितलेलं नाही. मामांनासुद्धा नाही."

मला सतरंजीकडं बघणारे तिचे वडील आठवले.

"मग नकोच खडा," मी म्हटलं. "साधी सोन्याची करू."

"मग मामा म्हणणार, टाळलं. आणि मोठा हिरा आणलात तर घरात सगळ्यांना ताईची अंगठी आठवणार. मला स्वतःला खरंच काही फरक पडत नाही हो. फक्त काय आहे ते सगळ्यांना माहीत असावं."

गाडीनं शिट्टी दिली. ती उठली. 

घरी आल्यावर मी आईला ताईंची हकिकत सांगितली आणि म्हटलं की मी जयसिंगपूरला जाऊन त्यांना आधीच सगळं सांगणार आहे. आई घाबरली. "ठरलेलं मोडेल. त्यांची दुखरी जागा आहे ती. तू कशाला तिथं बोट घालतोस?" ती चुकीचं बोलत नव्हती. माझ्याही मनात तेच होतं. तरी मी गेलो, कारण न सांगता साखरपुड्याला उभं राहायची कल्पना मला त्याहून भयंकर वाटत होती. एसटीत बसल्या बसल्या मी पहिलं वाक्य तयार केलं आणि स्टँड येईपर्यंत ते चारदा बदललं.

तिच्या वडिलांचं बी-बियाणांचं दुकान घराला लागूनच आहे. मला एकट्याला बघून काका, मी त्यांना काकाच म्हणायचो, गल्ल्यावरनं उठले. आत नेलं, पाणी दिलं. ताई चहा घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, "तुम्हीही बसा ताई. तुमच्यासमोर बोलायचंय."

तयार केलेलं वाक्य काही आठवलं नाही. मी सरळ सांगितलं की खाणीतला चांगला हिरा मला झेपणार नाही, छोट्यात छोटा घेण्यापेक्षा मला लॅबमधला घ्यायचाय, तो हिराच असतो पण विकायला गेलं तर किंमत येत नाही, आणि हे मला आधीच सांगायचं होतं.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलासा, बरं केलासा. घ्या तुम्हाला काय घ्यायचं ते. पर हितं तिघांत ठेवा. लोकांना हिरा म्हणूनच सांगू. उगं लॅब-बिब काढायला नगं. पावण्यांत परत चर्चा नगं मला."

मी हो म्हणायच्या बेतात होतो. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"परत झाकायचं, बाबा?" ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझं झाकलं, त्यानं काय झालं?"

काका उठून दुकानात निघून गेले. आत आम्ही दोघंच उरलो, आणि चहा. मी काहीतरी मोडून ठेवलंय, असं मला वाटत होतं. ताईंनी मला बिस्किटं पुढं केली आणि विचारलं, "पावतीवर काय लिहून देणार तो सराफ?"

"लॅबमधला हिरा, असंच."

"मग मी येणार बघायला."

निघताना दुकानापाशी काकांनी मला थांबवलं. ते पोत्यांकडं बघत बोलले. "कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. पर न विचारता सांगायला जाऊ नका. एवढं माझं ऐका." एवढं ऐकणं मला कठीण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं सराफांकडं गेलो. ती, ताई, आई आणि मी. ताईंनी आल्या आल्या विचारलं, हिरा ओळखायचं यंत्र आहे का. सराफांनी पेनासारखं एक यंत्र काढून हिऱ्याला टेकवलं. ते वाजलं. ताईंनी मोइसनाइटवर लावायला सांगितलं. तिथंही वाजलं.

ताईंचा चेहरा उतरला. "मग ह्याचा उपयोग काय?"

"ह्यो पेन साधा हाय," सराफ म्हणाले आणि दुसरं यंत्र आणलं. त्यावर दोन्ही खडे वेगळे निघाले. मग त्यांनी भिंग दिलं. हिऱ्याच्या कडेवर केसाहून बारीक अक्षरांत नंबर कोरलेला होता, आणि तो लॅबमधला असल्याची खूणही. ताई भिंगातनं इतका वेळ बघत राहिल्या, की आई माझ्याकडं बघायला लागली.  आता ताई काहीतरी म्हणतील आणि सगळं संपेल, असं वाटत होतं.

ताईंनी भिंग खाली ठेवलं आणि पर्समधनं रुमालात बांधलेली एक अंगठी काढली. "ह्याला लावा."

सराफांनी पेन टेकवलं. आवाज आला नाही. परत टेकवलं. नाही.

"खडा नंतर बदललाय की आधीपासनं हाच होता, ते सांगता येईल का?" ताईंनी विचारलं.

सराफांनी अंगठी भिंगाखाली सगळीकडनं फिरवून बघितली. "खात्रीनं सांगता यायचं न्हाय, ताई. एकदा कड्या हलवल्याल्या दिसत्यात. त्या दुरुस्तीच्या असतील, न्हायतर कशाच्याबी."

ताईंनी मान हलवली आणि अंगठी परत रुमालात बांधली. मला वाटतं, त्या त्यासाठीच आल्या होत्या. बहिणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिच्यासाठीच्या अंगठीचं मग फारसं काही उरलंच नव्हतं. तिनं सपाट बसवलेला खडा मागितला, म्हणजे काम करताना कुणाला बोचणार नाही, आणि मी बघून ठेवलेल्या खड्यापेक्षा लहान निवडला. "एवढा पुरे," ती म्हणाली.

साखरपुडा जयसिंगपूरच्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. मी अंगठी घातली, फोटो झाले, टाळ्या झाल्या. मी मनात म्हणत होतो, कुणी विचारू नये. मामा स्टेजवर आले आणि भाचीचा हात धरून उजेडाकडं वळवला.

"झ्याक हाय की. कितीचा पडला, पावणं?"

काका खाली पहिल्या रांगेत होते.  "लॅबमधला हिरा आहे मामा," मी म्हटलं. "मशीनमध्ये तयार केलेला. खाणीतला नाही."

 मामी म्हणाल्या, "म्हंजी नकली?"

"नकली माझी होती, मामी," ताई म्हणाल्या. त्या माझ्या आईच्या शेजारी ओटीचं ताट धरून उभ्या होत्या. "ही नाही. ही मी स्वतः तपासून आणलीय."

मामांनी भाचीचा हात सोडला. ताईंकडं बघितलं, मग काकांकडं. ते स्टेजवरनं उतरून हॉलबाहेर गेले. काका त्यांच्या मागं गेले. गुरुजींनी पुढचं सुरू केलं, पण मला एक शब्दही ऐकू आला नाही. आईनं माझं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं. नवरी मुलगी मात्र माझ्या शेजारी ताठ बसून होती, अंगठी दुसऱ्या हातानं न झाकता.

पंगत बसली तरी दोघं आत आले नव्हते. शेवटच्या पंगतीला आले. मामांचे डोळे लाल होते. ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवण वाढणाऱ्याला तेवढं म्हणाले, "वाढा," आणि मान खाली घालून जेवले. काकांनी लांबनंच मला हातानं खूण केली, तुम्हीही बसा.

आमच्या लग्नाला आता दोन वर्षं होत आली. पाहुण्यांत काही जण अजून 'मशीनचा हिरा' म्हणतात, आणि कुणी तिचा हात धरून बघायला लागलं की माझ्या छातीत धडधडतं. तिला त्याचं हसू येतं. ताई आता वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. मामा सणावाराला तिथं येतात, ताईंशी आधी बोलतात, मग घरात जातात.

परवा ताईंचा फोन आला. कागलची, सासरची मंडळी त्या अंगठीचं आणि पुढचं बोलायला तयार झालीत म्हणे. "बाबा आणि मामा येणार आहेत. तुम्ही पण याल का?" मी येतो म्हटलं. बुधवारी जायचंय. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. आईनं कालपासून दोनदा विचारलं, तू गेलंच पाहिजेस का.