बस्ता आणि एक लांबलचक हाड

देवगाव रंगारीहून जीप निघाली तेव्हा माझे वडील, आबा, एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला आणि मधे मी, लग्न ठरलेली मुलगी. काकांनी बांधाशेजारी बोअर घेतलं, त्या दुष्काळात आमची विहीर आटली आणि या सख्ख्या भावांचं बोलणंही. बस्त्याला (लग्नाच्या कपडेखरेदीला) सख्खा चुलता हवाच, म्हणून काका आले होते. मांडवात मात्र पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिल्या, त्यांचं हे बोलणं मला फार लागलं होतं.

वेरूळ गेलं, दौलताबादचा घाट गेला. "तुझ्या बापाला इचार, पाणी पाहिजे का," असे निरोप माझ्यामार्फत सुरू होते. शहर जवळ आलं तशी पाण्याच्या टँकरांची आणि नव्या इमारतींची गर्दी वाढली.

खरेदी आटोपल्यावर मी दोघांना जालना रोडवरच्या एका चकचकीत हॉटेलात नेलं. तिथं मटणाचा टोमाहॉक स्टेक मिळतो, एवढं ऐकून होते. वेटरनं लाकडी पाटावर तो आणून ठेवला. कुऱ्हाडीच्या दांड्यासारखं हाड, टोकाला मांसाचा भलामोठा गोळा. काकांनी मला विचारलं, हे खायचं की यानं लाकडं फोडायची. रस्सा नाही, भाकरी नाही. आबांनी निमूटपणे पिशवीतली शिदोरी सोडली. वेटरनं भलेपणानं दुसरीकडे पाहिलं.

आबा सुरी लावत आणि हाड घसरे. एकदा तर ते माझ्या नव्या शालूच्या पिशवीकडेच निघालं. गावच्या जत्रेत बकरं कापायचं काम या दोघांकडेच असायचं. एकानं धरायचं, दुसऱ्यानं सुरी चालवायची. काकांचा हात आपोआप पुढे गेला.

"धर नीट," आबा म्हणाले.

"धरलंय. काप तू, दादा."

माझा घास हातातच राहिला. आपण बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर मीठ कमी असल्यावर दोघांचं एकमतही झालं होतं. मग काकांनी परस्पर जाहीर केलं, "मांडवात असलं चालायचं नाय. रस्सा मी बघतो."

परतीच्या जीपमध्ये रश्श्यात खोबरं किती घालायचं यावरून दोघांची जुंपली. विहीर अजून कोरडीच होती, बांधही तिथंच होता. पण नीट भांडता यावं म्हणून त्यांनी मला मधून उठवलं, खिडकीशी बसवलं आणि कुत्र्यासाठी बांधून घेतलेलं ते हाड माझ्या मांडीवर दिलं. शालूची पिशवी पायाशी लोळत होती. हाड मात्र मी गावापर्यंत दोन्ही हातांनी जपून आणलं.