डाव्या खांद्यावरचा नॅपकिन

अकरा वर्षं माझ्या मागे दोन पावलांवर उभा राहिलेला माणूस मला कर्जतच्या चार फाट्यावर एका फ्लेक्सवर दिसला. हाताची घडी, केस नीट विंचरलेले आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेलं, मुख्य प्रशिक्षक. नेरळकडे ज्या नव्या इमारती झाल्यात, त्यांच्या मागे खोट्या गवताचं एक टर्फ झालंय. त्या टर्फवाल्यांनी फुटबॉलची टीम काढली होती, आणि तिला माझा माणूस लागला होता. मी स्कूटर कडेला घेतली आणि ते तीनदा वाचलं. तीनच दिवसांपूर्वी हा बाबा माझ्या घरी येऊन दोन थालीपिठं खाऊन गेला होता. येत्या हंगामात गोलकीपर कोणाला ठेवायचं यावर माझ्याशी तासभर वाद घालून गेला होता. वाद कसला घालतोस लेका, तुला इथे राहायचंच नव्हतं तर?

मी शाळेत पीटीचा मास्तर होतो. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, आणि उरलेल्या वेळात क्रिकेट. फुटबॉल म्हटलं की लोक हसायचे. पण मला ते वेड होतं, आणि निवृत्त व्हायच्या आधीच मी खोपोलीच्या कारखान्यांत शिफ्ट करणारी, घरी भातशेती बघणारी पोरं जमवून टीम उभी केली होती. हा त्यातलाच. घाटाच्या पायथ्याच्या गावातला, कारखान्यात फिटर, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. गुडघा दुखावला आणि त्याचं खेळणं सुटलं, तेव्हा मीच म्हटलं, घरी बसून काय करणार आहेस, माझ्याबरोबर उभा राहा. मग मी मोठे सर झालो आणि तो छोटे सर.

त्या पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. पोरांना माझी पद्धत समजायला वेळ लागेल, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. आणि झालंही तसंच! दुसऱ्या वर्षापासून आम्ही जिंकायला लागलो. शोकेसमध्ये कप जमले. बायको दर दिवाळीला ते पुसताना कुरकुर करायची आणि मी फुशारून जायचो.

सामना सुरू झाला की मी रेषेवर उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडायचो. तो मागे. कधी माझ्या पुढे आला नाही, कधी शेजारीसुद्धा उभा राहिला नाही. खांद्यावर पांढरा नॅपकिन, तो कधी या खांद्यावर टाकायचा, कधी त्या. बायको एकदा सामना बघायला आली होती, ती म्हणाली, हा खानावळीतल्या वाढप्यासारखा काय करतोय? मी तिलाच झापलं. म्हटलं, माणसाचे संस्कार बघ, वडीलधाऱ्याच्या पुढे उभा राहत नाही. चारचौघांतही मी हे कौतुकानं सांगायचो. आता आठवलं की कानशिलं तापतात.

तर तो गेला. मी फोन केला नाही. त्यानं दोनदा केला, मी उचलला नाही. त्याच्यावाचून माझं काय अडणार होतं?

अडलं. कोण सेकंड शिफ्टला आहे, कोणाच्या घरी कापणी चालू आहे, कोणाचा घोटा अजून सुजलेला आहे, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पहिल्या सामन्याला नऊच जण आले. दोघांना मी फोन करून घरून बोलावून घेतलं, त्यातला एक चप्पल घालून आला. सामने तर असे हरलो की बघवेना. मी म्हणालो, बचाव करणाऱ्यांनी थेट मध्यरेषेपर्यंत पुढे या. ते आले. समोरच्यांनी डोक्यावरून तीन चेंडू टाकले आणि तीन गोल केले. ज्या टीमला आम्ही दरवर्षी लोळवायचो, तिनं आम्हाला लोळवलं.

लागोपाठ चार सामने गेल्यावर माझं डोकं फिरलं. मी कॅप्टनला एकट्याला बाजूला घेतलं. हा शिळफाट्याला टेंपो चालवतो, पस्तिशीचा आहे, टीममध्ये आला तो तिसऱ्या वर्षी, दिवसाला दहा वाक्यं बोलला तर खूप. त्याला मी नको नको ते बोललो. तुम्ही मुद्दाम हरताय, तुम्हाला त्यानं फितवलंय, सगळे त्याच्याकडे जायला टपलाय, असं सगळं. तो ऐकत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "सर, तुमी सांगितलंत तसंच खेळलो आमी. पयल्यांदाच."

मला कळलं नाही. तेव्हा त्यानं उलगडून सांगितलं. नॅपकिन उजव्या खांद्यावर असला तर मोठ्या सरांचं ऐकायचं. डाव्या खांद्यावर असला तर ऐकायचं नाही, छोट्या सरांनी आधी ठरवलंय तसं खेळायचं. टीममधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. नवा खेळाडू आला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवायचे. दोन पावलं मागे तो एवढ्यासाठी उभा राहायचा की मला दिसू नये.

मी घरी आलो आणि शोकेसला पाठ करून बसलो. तो टीम सोडून गेला याचं मला वाईट वाटलं होतं. पण हे काय होतं? अकरा वर्षं माझ्या पाठीमागे माझाच तमाशा चालला होता, आणि मी एकटाच त्याला संस्कार समजत होतो. बायकोला सांगितलं. ती जेवायला वाढू का म्हणाली.

हंगामातला शेवटचा सामना त्याच्याच टीमशी होता, खालापूरला. आम्ही स्पर्धेतून बाहेर गेलोच होतो, त्यामुळे जिंकून काही मिळणार नव्हतं. पण मला तो सामना हवा होता. एकदा, फक्त एकदा, माझ्या डोक्यानं, माझ्या शब्दानं जिंकायचं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत. मी पोरांना बजावलं, आज फक्त माझं ऐकायचं. सगळे हो म्हणाले.

तो मैदानाच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. आता त्याच्या पुढे कोणी नव्हतं. नॅपकिन गळ्यात होता. शेवटची दोन मिनिटं उरली तरी गोल नव्हता, आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. मी ओरडलो, सगळे पुढे जा, मागे कोणी थांबू नका.

आणि माझ्या टीमनं मान वळवली. माझ्याकडे नाही, पलीकडे. त्याचा हात गळ्याशी गेला आणि त्यानं नॅपकिन ओढून डाव्या खांद्यावर टाकला. लगेच भाजल्यासारखा काढलाही, पण तोवर माझे तिघे मागे थांबले होते. कॉर्नर त्यांनी परतवला, त्यांचा सगळ्यात वेगवान पोरगा चेंडू घेऊन सुटला, आणि मागे थांबलेल्या त्या तिघांनी त्याला अडवून चेंडू लांब पुढे मारला. त्यांची पोरं पुढे धावलेली, समोर त्यांचं मैदान मोकळं होतं, आमच्या एकानं चेंडू गाठून गोल मारला. आम्ही जिंकलो.

पोरांनी मला उचललं. मी खाली उतरवा म्हणून ओरडलो, आणि ते मात्र त्यांनी ऐकलं.

तो मैदान ओलांडून आला. त्याची पोरं त्याच्याकडे रागानं बघत होती. नेहमीसारखा माझ्या पाया पडायला वाकला, मी मागे सरलो. तो म्हणाला, "मुद्दाम नाय केलं, सर. हात आपसूक गेला."

मला त्याला खूप काही विचारायचं होतं. सोडून जाताना का सांगितलं नाहीस, मला एवढा बिनडोक समजत होतास का. पण तोंडातून एवढंच आलं, "उजव्या खांद्यावर कधी होता का रे?"

त्यानं खरंच आठवून बघितलं. त्याला खोटं बोलता येत नाही, हे मी अकरा वर्षं लोकांना सांगत आलो होतो.

"पयल्या वर्षी होता, सर," तो म्हणाला. "वर्षभर उजव्याच खांद्याव होता."