जो जिथे खेळला, तिथलं शिकवायचं नाही

मैदानावर गोल मोजले जातात, किस्से कुणी मोजत नाही. म्हणून ते साचतात. आमच्या उज्जैनच्या नानाखेड्याच्या मैदानावर तर ते गोलच्या मागेच साचतात, कारण बूट घालायला आणि काढायला सगळे तिथेच बसतात, आणि बूट काढताना माणूस खरं बोलतो! माझी रोजची जागा तीच. त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्त आहे आणि ऐकणारे जरा कमी. कॉलेजच्या टीममधल्या माझ्या मैत्रिणी पुण्याला, इंदूरला, कुठे कुठे नोकरीला गेल्या. ग्रुपवर किस्सा टाकला की हसणारे चेहरे येतात, माणसं येत नाहीत. तर तुम्ही बसा.

*

पहिला किस्सा माझ्याच नेमणुकीचा.

मी युनिव्हर्सिटीची स्ट्रायकर. गोल मारणं हे एकच काम मला नीट येतं. कॉलेज संपल्यावर क्लबात गेले आणि मुळे सरांना म्हटलं, "सर, फॉरवर्ड लाइन मला द्या. एका सीझनमध्ये बदलून दाखवते!"

मुळे सर बँकेतून रिटायर झालेले, आमच्या क्लबचे मुख्य कोच. तरुणपणी उज्जैनमधले नामी गोलकीपर. ते शांतपणे म्हणाले, "फॉरवर्ड मी शिकवतो. तू कीपर घे."

"सर, मी आयुष्यात ग्लव्हज घातलेले नाहीत!"

"म्हणूनच."

आमच्या क्लबचा हा नियमच आहे. जो जिथे खेळला, त्याने तिथलं शिकवायचं नाही. जन्मभर डाव्या विंगवर पळालेले आणि एकदाही मागे न आलेले यादवजी आमचे डिफेन्सचे कोच. आणि गोलकीपर मुळे सर गोल मारायला शिकवतात.

मी भडकले. "मग सर, हार्टचं ऑपरेशनही डेंटिस्टकडून करून घ्या!"

सर म्हणाले, "डेंटिस्ट निदान आधी तोंड उघडून बघतो गं. मी कीपर शिकवायचो ना, तेव्हा पोरांना बाजूला करून स्वतःच डाइव्ह मारायचो. पोरं टाळ्या वाजवायची आणि मॅचमध्ये गोल खायची. जो खेळलाय तो शिकवत नाही, तो आठवत बसतो."

*

माझ्या वाट्याला आली फिरदौस. भैरवगढ़ची. घरी कापडावरच्या छपाईचं काम, त्यामुळे तिचे ग्लव्हज एकदा रंगाच्या हौदात पडून कायमचे गुलाबी झालेले. उंच, सडपातळ, आणि डोक्यात एकच गोष्ट: इंदूरच्या स्पोर्ट्स होस्टेलची ट्रायल. घरून एकाच वर्षाची परवानगी होती. या ट्रायलमध्ये निवड झाली तर होस्टेल, नाही तर फुटबॉल बंद.

आणि तिला शिकवणार कोण? मी! रात्र रात्र व्हिडिओ बघायचे आणि सकाळी तिच्यासमोर पोपटासारखं बोलायचे. "गुडघा असा, खांदा तसा, मग पड."

एक दिवस तिने विचारलं, "दीदी, गिरते वक़्त आँख खुली रखनी है कि बंद?"

हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मी म्हटलं, थांब. तिच्या जागेवर उभी राहिले आणि तिला बॉल मारायला सांगून घेतली उडी. तोंडात माती, कोपर सोललेलं, बॉल गोलमध्ये.

"क्या हुआ दीदी? खुली थी?"

"बंद झाले. आपोआप."

ती खूश होऊन म्हणाली, "मेरी भी!"

त्या दिवशी आम्हा दोघींना सारखंच येत होतं, म्हणजे काहीच नाही. तरी मला घरी जाताना बरं वाटत होतं.

*

फिरदौसच्या घरून क्लबला एक भेट आली होती. आमच्या गोलला लाकडाचे खांब होते, पण जाळी नव्हती. तिच्या अब्बांनी छपाईत बिघडलेल्या चादरी जोडून पाठवल्या. गोलच्या मागे भैरवगढ़ी चादर! लाल जमीन, काळ्या वेली आणि वरच्या कोपऱ्यात मोठ्ठी कैरी.

मुळे सरांना तर खजिनाच सापडला. ते फॉरवर्डना ओरडायचे, "कैरीवर मारा! कैरीवर!" पोरी कैरीवर असा नेम धरायला लागल्या की बघत राहावं. सर मला म्हणाले, "बघितलंस? कीपरने शिकवलेले फॉरवर्ड!"

मग माधव नगरच्या मैदानावर मॅच. तिथे खरी, पांढरी जाळी. आमची एक फॉरवर्ड गोलसमोर एकटी, कीपर पडलेली, गोल मोकळा. पोरगी थांबली. बघितलं. परत बघितलं. तेवढ्यात मागून कुणीतरी बॉल नेला.

सर बाहेरून किंचाळले, "मारला का नाहीस?"

ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, कैरी कुठेय?"

*

गणपतीत महाराष्ट्र समाजात गेलं की मला प्रश्न ठरलेले. आपली माणसं, कुणी शिंद्यांच्या काळापासून इथली, कुणी रेल्वे-बँकेतून आलेली. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच.

"काय करतेस हल्ली?"

"फुटबॉल शिकवते."

"वा वा. आणि नोकरी?"

मी चिडून सविस्तर सांगायला गेले की गोलकीपर तयार करते आहे, राज्याच्या लेव्हलची. आमच्या गल्लीतल्या जोशी काकूंनी विचारलं, "म्हणजे तू गोलकीपर होतीस?"

"नाही काकू."

काकूंनी लांब बसलेल्या काकांकडे बोट केलं. "आमच्या ह्यांच्यासारखं म्हण की! जन्मात चहा केला नाही, पण आलं केव्हा घालायचं ते रोज सांगतात."

सगळे हसले. मीही हसले. मग प्रसादाचा द्रोण घेऊन मांडवाच्या बाहेर जाऊन उभी राहिले. वाटलं, काकूंचं बरोबर असलं तर? माझ्या चुकीच्या शिकवण्यात त्या पोरीचं वर्ष गेलं तर? हे विचारायला तिथे ओळखीचे शंभर लोक होते आणि कुणीच नव्हतं.

*

फिरदौस मॅचमध्ये बडबडायची. बॉल लांब असला की हिचे ओठ सुरू. मी बाहेरून ओरडायचे, "फिरदौस, फोकस!"

एकदा समोरच्या टीमच्या फॉरवर्डने रेफरीकडे तक्रार केली, "सर, ये गाली दे रही है!"

रेफरी शर्माजी. आमच्या भागातल्या निम्म्या मॅचना तेच असतात. शिट्टी वाजवून धापा टाकत आले. "क्यों बेटा, किसको बोल रही हो?"

"सर, इसको." तिने गोलच्या खांबाला हात लावला.

"खंभे को?"

"जी. पूछ रही थी कितना टाइम बचा है."

शर्माजींनी तिच्याकडे बघितलं. खांबाकडे बघितलं. खिशातल्या पिवळ्या कार्डाकडे गेलेला हात मागे घेतला आणि म्हणाले, "इसको बोलो, थोड़ा धीरे."

मॅच संपल्यावर मी तिला झापलं. म्हटलं, हा काय पोरकटपणा? ट्रायलमध्ये असं केलंस तर वेडी म्हणतील.

तिने ग्लव्हज काढत विचारलं, "दीदी, जब बॉल आपके पास नहीं होती थी, तब आप क्या करती थीं?"

"पळायचे. बॉल मागायचे. मैत्रिणींना शिव्या द्यायचे."

"मतलब आपके पास लोग होते थे," ती म्हणाली आणि बूट सोडायला लागली.

मी मुळे सरांकडे गेले. ते कीपर होते ना! म्हटलं, "सर, बॉल येत नाही तेवढा वेळ कीपरने काय करायचं असतं? हे तरी सांगा, नियम मोडून."

सरांनी बॉलमधली हवा बोटाने दाबून बघितली. म्हणाले, "ते मला कुणी शिकवलं नाही. मी पण कुणाला शिकवलं नाही."

*

शेवटी मी व्हिडिओ बंद केले आणि मला जे येतं तेच तिला सांगायला लागले. गोल मारणारीला काय दिसतं, ते. "तू लाइनवर उभी राहिलीस की मला आख्खा गोल दिसतो. दोन पावलं पुढे आलीस की गोल दिसेनासा होतो, फक्त तू दिसतेस. आणि पेनल्टी मारताना मी कोपरा कधी बघितलाच नाही, कीपरचे पाय बघायचे. जी आधी हलली, ती गेली. जी हललीच नाही, तिची मला भीती वाटायची."

ट्रायलला मी बरोबर गेले. सगळ्या पोरी सुंदर उड्या मारत होत्या. आमची बाई ढिम्म! बॉल सुटेपर्यंत हलायलाच तयार नाही. मारणाऱ्या पोरी वैतागून बाहेर मारायला लागल्या.

निवड करणाऱ्या सरांनी बोलावून विचारलं, "कोच कौन है तुम्हारी? कीपर थीं?"

"नहीं सर. गोल मारती थीं."

"फिर तुम्हें सिखाया क्या?"

फिरदौस म्हणाली, "यही, कि गोल मारने वाले डरते कब हैं."

निवड झाली! ते सर माझ्याकडे येऊन कौतुकाने म्हणाले, "लड़की बढ़िया है. बस, अब इसको असली कीपर कोच मिल जाएगा."

मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

*

नानाखेड्याच्या बस स्टँडवर तिला सोडायला गेले. अब्बा, अम्मी, मावश्या, पेट्या. निरोपाला एवढी माणसं की मला तिच्यापर्यंत पोचता येईना. बस हलल्यावर खिडकीतून तिने एक पिशवी फेकली. मी झेलली.

ती ओरडली, "दीदी! आँख खुली थी!"

पिशवीत गुलाबी ग्लव्हज होते.

सुरुवातीला तिचा फोन रोज यायचा. तिथले कोच खरंच मोठे आहेत, नॅशनल खेळलेले. पडायचं कसं, उठायचं कसं, सगळं शिकवतात. आवाजात आनंद मावत नव्हता, आणि मला तिचा अभिमान वाटत होता. खरंच वाटत होता. मग फोन आठवड्याने यायला लागले, ते बरोबरच आहे. परवाच्या फोनमध्ये एवढंच म्हणाली, "दीदी, यहाँ के खंभे लोहे के हैं. सुबह बहुत ठंडे रहते हैं."

*

आता शेवटचा.

हिवाळ्यात आमची आणि माधव नगरची कोच मंडळी आपसात एक मॅच खेळतात. हरणाऱ्यांनी सगळ्यांना पोहे-जिलेबी द्यायची. यंदा मुळे सरांनी जाहीर केलं, "आज जो जिथलं शिकवतो, तो तिथे खेळणार!"

म्हणजे यादवजी डिफेन्सला. सर स्वतः फॉरवर्ड. आणि गोलमध्ये मी, गुलाबी ग्लव्हज घालून. ते मला घट्ट होत होते.

माधव नगरवाल्यांची पोटं बघता मॅच त्यांच्याच गोलसमोर होणार हे उघड होतं. तसंच झालं. आयुष्यात पहिल्यांदा मागे थांबलेले यादवजी इतके सुटले की बॉलसोबत थेट तिकडच्या कॉर्नरपर्यंत गेले आणि तिथेच रमले. मुळे सरांना गोलसमोर सुरेख क्रॉस मिळाला. समोर मोकळा गोल! सरांनी झेप घेतली आणि बॉल दोन्ही हातांनी छातीशी घट्ट पकडला. तिकडे एकच हल्लकल्लोळ. पोरी मैदानात धावल्या, यादवजी हसून खाली बसले, सर बॉल सोडायला तयार नाहीत.

हे सगळं मला लांबून दिसत होतं. आवाज थोडा उशिरा यायचा. माझ्या बाजूला गवत, कुणाची तरी सायकल आणि मागे वाऱ्याने फुगणारी चादर.

बॉल आला नाही. हाफ टाइमनंतरही आला नाही. ऊन माझ्याकडून त्यांच्याकडे सरकलं.

रेफरी शर्माजीच होते. त्यांची पाण्याची बाटली माझ्या गोलपाशी ठेवलेली. तिकडचा गोंधळ मिटेना, तेव्हा ते सावकाश चालत माझ्याकडे आले. बाटली उघडली. दोन घोट प्यायले. मग माझ्याकडे बघितलं. माझा हात होता त्या खांबाकडे बघितलं.

बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "मॅडम, इसको बोलो, थोड़ा धीरे."